पायाळूची होडी

गुरप्पाची लाथ खायला सकाळी सात वाजल्यापासून माणसं दाराशी येत, आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नसे. सोलापूरच्या बाळीवेशीत त्याचं नागवेलीच्या पानांचं दुकान. गिरणीत वाकून वाकून कुणाची पाठ धरली, कुणाला उसण भरली, की तो गडी दुकानापुढच्या फरशीवर पालथा पडायचा. गुरप्पा हातातली पानं ओल्या फडक्यात झाकून ठेवायचा, खाली उतरायचा, डाव्या पायानं कमरेवर तीनदा हलकेच लाथ मारायचा आणि मोबदला म्हणून एक सुपारी घ्यायचा. गडी उठून टुणटुणीत कामावर जायचा. कारण गुरप्पा पायाळू. आईच्या पोटातून तो डोक्याआधी पाय घेऊन आला होता, आणि अशा माणसाच्या पायाला गुण असतो, हे सगळी पेठ धरून चालली होती.

पण पायाळूला एक भोगही असतो. त्याच्यावर वीज पडते. निदान गुरप्पाच्या आईचा, गिरिजाबाईचा, तसा ठाम विश्वास होता. आभाळ जरा काळवंडलं की ती दुकानाची फळी पाडायची, लेकाला ओढत माजघरात न्यायची, जवळपासचा विळा-अडकित्तासुद्धा बाहेर फेकायची आणि त्याच्या अंगावर घोंगडं टाकायची. असं एकोणतीस वर्षं चाललं होतं. एकोणतीस वर्षांत गुरप्पानं गडगडाट पुष्कळ ऐकला होता, पण वीज एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती.

या सगळ्याचा राग यायचा तो त्याच्या मेहुण्याला. मल्लिकार्जुन गिरणीत वायरमन होता. त्याचं घर शेजारच्याच बोळात, त्यामुळे सासुरवाडीचा प्रत्येक गोंधळ त्याला चहाबरोबर मिळायचा. गिरणीच्या उंच धुराड्यावरून खाली येणारी तांब्याची पट्टी त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती. वीज धुराड्यावर पडते, पट्टीतून मुकाट खाली येते आणि जमिनीत जिरते. तिला घोंगड्यातला गुरप्पा कशाला हवाय, असं तो बायकोला दर पावसाळ्यात समजावून सांगायचा. शरणम्मा दर पावसाळ्यात ऐकून घ्यायची आणि भावाला झाकायला पळायची.

पस्तीस सालच्या चैत्रात गिरणीतला गोरा विणाई-मास्तर विलायतेला परत गेला. जाताना त्यानं आपली छोटी शिडाची होडी मल्लिकार्जुनाला देऊन टाकली. गावाबाहेर हिप्परग्याच्या तलावात ती उभी असायची. सोलापूरच्या माणसानं शिडाची होडी चालवावी हे मुळात हसण्यासारखंच होतं, आणि लोक पोटभर हसलेही. पण मल्लिकार्जुन दोन रविवार गटांगळ्या खाऊन तिसऱ्या रविवारी चक्क वाऱ्यावर होडी वळवायला शिकला. गुरप्पा काठावर बसून बघत होता. परतताना तो सायकलच्या दांडीवर बसला होता, तिथूनच म्हणाला, "दाजी, एकदा मला आभाळ भरल्यावर पान्यात न्या. मी डोळं मिटनार न्हाय."

हे त्यानं इतकं हळू सांगितलं की मल्लिकार्जुनानं सायकल थांबवली. एका धडधाकट माणसाला एवढंसं मागावं लागतं याची त्याला लाज वाटली. त्यानं शब्द दिला.

शरणम्माची परवानगी काढणं हे मात्र धुराड्यावर चढण्यापेक्षा अवघड निघालं. चार दिवस जेवताना वाद झाले. शेवटी ती अटीवर आली: आधी रिकाम्या होडीवर वीज पाडून दाखवा. मल्लिकार्जुन खूश झाला. त्यानं डोलकाठीच्या टोकाला तांब्याचा सुळा बसवला, तिथून जाड तार काठीच्या कडेनं खाली आणली, बसायच्या फळीखालून नेऊन तळाच्या भोकातून बाहेर काढली आणि होडीच्या बुडाला, पाण्यात राहील अशी, हातभर लांबीची तांब्याची पाटी ठोकली. वीज वरून आली की पाण्यात उतरून जाणार. बसणाऱ्याच्या धोतरालाही झळ लागणार नाही.

मग वैशाखातल्या वळवाची वाट पाहणं आलं. ढग आला की मल्लिकार्जुन आणि शरणम्मा टांगा करून हिप्परग्याला जात, तलावाचा राखणदार चनबसप्पा आपल्या झोपडीत त्यांना बसायला पोतं टाकी, आणि तिघं दाण्याची चटणी-भाकरी खात रिकाम्या होडीकडे बघत बसत. दोन वळीव फुकट गेले. तिसऱ्याला डोळ्यांपुढं पांढरं झालं, कानठळ्या बसल्या, आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा होडी जागच्या जागी डुलत होती. काठीला चीर नाही, फळीला डाग नाही. फक्त पाटीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. मल्लिकार्जुनानं भर पावसात चनबसप्पाला मिठी मारली. शरणम्माही हसली, आणि त्या हसण्यात तिच्या डोक्यात आणखी काय चाललं होतं ते त्याला कळलं नाही.

ज्येष्ठात गुरप्पा पहिल्यांदा आभाळाखाली बसला. गिरिजाबाईला सांगितलं होतं की दोघं मोहोळला बाजाराला गेलेत. शीड उतरवून ते तलावाच्या मध्यावर थांबले. पश्चिमेकडून ढग आला, पाण्याचा रंग शिशासारखा झाला, वारा पडला. गुरप्पानं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून दोन्ही पाय बाहेर पाण्यात सोडले होते. दूरवर पहिली वीज चमकली तेव्हा तो लहान पोरासारखा हसला. दुसरी, तिसरी, प्रत्येकीला तो काहीतरी नाव देत होता. मल्लिकार्जुनाला इतकं बरं वाटलं की त्यानं विडीसुद्धा पेटवली नाही.

मग अंगावरचे केस उभे राहिले, ओल्या तांब्याचा वास आला, आणि ती त्यांच्यावरच पडली.

दोघेही शाबूत होते. मल्लिकार्जुन काठीवर थाप मारून मोठ्यानं हसला. गुरप्पा मात्र पाण्याकडे बघत होता.

"दाजी, खालनं पाय कुणी धरलं व्हतं?"

मासा लागला असेल, मल्लिकार्जुन म्हणाला. गुरप्पानं मान हलवली. त्याचा चेहरा घाबरलेला मुळीच नव्हता, उलट उजळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर गिरणीतला एक जॉबर, खात्याचा मुकादम, पालथा पडला होता. तीन लाथा खाऊन उठला आणि कुरकुरला, की गुरप्पा, आज लाथ मारलीस का लेकरानं पाय लावला? पाठ मात्र तिसऱ्या लाथेआधीच मोकळी झाली होती. मल्लिकार्जुन तिथंच पान लावून घेत होता. त्यानं सहज खाली पाहिलं. जन्मभर अनवाणी फिरलेल्या गुरप्पाच्या टाचांना भेगा असायच्या, त्यात खडे अडकायचे. आता त्या टाचा गुलाबी होत्या. तळव्याला घट्टा नाही, रेघ नाही. तासभर पाण्यात भिजल्यावर कातडी मऊ पडते, असं मल्लिकार्जुनानं स्वतःला सांगितलं आणि पान तोंडात टाकलं.

पुढच्या वळवात पुन्हा गेले. पुन्हा तीच गत, तोच वास, तोच पांढरा उजेड, आणि होडी जशीच्या तशी. या वेळी गुरप्पा म्हणाला की धरणाऱ्याचे हात चांगले आहेत, दुखवत नाहीत, पण ओढतात. घरी येऊन तो धोतर पिळत होता तेव्हा मल्लिकार्जुनाला त्याच्या पोटऱ्या दिसल्या. त्यांवर एक केस नव्हता. डाव्या गुडघ्यावर चिंचेवरून पडल्याची मोठी जुनी खूण होती; लग्नात पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं ती मल्लिकार्जुनाला कौतुकानं दाखवली होती. ती खूण आता नव्हती.

मल्लिकार्जुनाला जेवण गेलं नाही. वायरमन माणूस, घोटाळा दिसला की आधी तार तपासायची हे त्याच्या हातात बसलेलं. सकाळी रजा टाकून तो तलावावर गेला, होडीत उतरला आणि बसायची फळी उचकटली.

काठीवरून आलेली तार फळीखाली येऊन तिथंच संपत होती. कुणीतरी ती पकडीनं कापली होती. तळाच्या भोकात चिंधी कोंबून वर डांबर ओतलं होतं, आणि बुडाखाली हात घातल्यावर पाटी लागली नाही. तारेचं टोक स्वच्छ होतं. ते वितळलं नव्हतं, काळंही पडलं नव्हतं. दोन वेळा वीज इथपर्यंत आली होती आणि टोकाच्या वर, वीतभरावर, गुरप्पा बसलेला होता.

चनबसप्पानं काही लपवलं नाही. शरणम्मा अक्कांनीच सांगितलं, पाटी काढून द्या म्हणून, असं तो म्हणाला.

घरी शरणम्मा ज्वारी पाखडत होती. त्यानं विचारल्यावर ती शांतपणे बोलली. गुरप्पाच्या वेळचं बाळंतपण केलेली म्हातारी सुईण निंगव्वा अजून होती. तिनंच सांगितलं होतं, की एकदा वीज चाटून गेलेलं तांबं पायाळूच्या पायात घाला, मग वीज त्याला ओळखते आणि वाट सोडते. शरणम्मानं तांबटाकडून त्या पाटीचे दोन वाळे करून घेतले होते. गुरप्पाच्या पायात ते महिनाभर होते आणि मल्लिकार्जुनानं ते दागिना म्हणून पाहून सोडून दिले होते.

"अगं, ती पाटीच त्याला वाचवणार होती," तो म्हणाला.

"वाचलाय की," शरणम्मा म्हणाली. मग सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "पाटी नव्हती, तर मग वीज गेली कुटं?"

त्याच दुपारी त्यानं वाळे कापून काढले आणि तांबटाला परत दिले. होडीची काठी, तार, सुळा सगळं उतरवून घरच्या माळ्यावर टाकलं. गुरप्पाला पुन्हा पाण्यावर न्यायचं नाही, असं त्यानं शरणम्माच्या हातावर हात ठेवून सांगितलं. तिचा एकुलता एक भाऊ होता तो. गुरप्पानं हट्ट केला नाही. दिवसभर दुकानात बसायचा, लाथा मारायचा, आल्यागेल्याशी थट्टा करायचा, आणि आभाळ आलं की आपल्या पायानं माजघरात जायचा. मल्लिकार्जुनाला हळूहळू झोप लागायला लागली.

हस्ताच्या दिवसांत, एका दुपारी, गिरिजाबाई गिरणीच्या फाटकाशी धावत आली. माजघरात नुसतं घोंगडं होतं.

मल्लिकार्जुनानं सायकल हाणली. तुळजापूर रस्त्यावर धूळ उडत होती, पाऊस अजून पडायचा होता.

तलावाच्या मध्यावर होडी होती. तिला काठी नव्हती, तार नव्हती, तांब्याचा तुकडा नव्हता. गुरप्पा वल्ही टाकून, पाय पाण्यात सोडून, आभाळाकडे बघत बसला होता.

मल्लिकार्जुनानं हाक मारली. गुरप्पानं हात वर केला.

पांढरं झालं.

दिसायला लागलं तेव्हा होडीत कुणी नव्हतं. वारा नसताना ती काठाकडे येत होती. पाण्यावरून एक बारीक रडं ऐकू आलं आणि थांबलं. चनबसप्पा म्हणाला, टिटवी असेल.

होडी पायाशी येऊन टेकली. गुरप्पा तिच्या तळाशी, गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर झोपला होता. केसांपासून नखांपर्यंत ओला. पाऊस पडला नव्हता.

त्यानं डोळे उघडले आणि दाजींना बघून हसला. "लई भूक लागली," तो म्हणाला.

घरी तो तांब्याभर दूध प्यायला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. सगळं कळल्यावर गिरिजाबाईनं आधी रडून घेतलं, मग हिशेब केला, की वीज तीनदा लेकावर येऊन गेली आणि तिनं त्याला जिवंत ठेवला; म्हणजे भोग संपला. आता घोंगडं नको. त्या दिवसापासून घरातली चिंता गेलीच. अक्कलकोटच्या एका पानवाल्याची मुलगी बघायचंही ठरलं. मल्लिकार्जुनानं होडी चनबसप्पाला देऊन टाकली, मासे धरायला.

भाऊबीजेला गुरप्पा बहिणीकडे ओवाळून घ्यायला आला. अंगणात पाट मांडला होता, ऊन कोवळं होतं, चुलीवर पाणी तापत होतं. शरणम्मानं वाटीतलं कोमट तेल त्याच्या खांद्यांना, पाठीला लावलं आणि त्याच्या होऊ घातलेल्या बायकोवरून त्याला चिडवत केसांत हात घातला. मल्लिकार्जुन उंबऱ्यात बसून हसत होता.

तिचा हात डोक्याच्या मध्यावर थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो उठून आला तेव्हा त्याची बोटं धरून तिथं टेकवली.

केसांखाली हाड नव्हतं. रुपयाएवढी मऊ जागा होती, आणि तिच्यात काहीतरी हळू, एका लयीत, उडत होतं.

"काय झालं अक्का?" गुरप्पानं विचारलं.

शरणम्मानं ओंजळीत तेल घेतलं आणि, तान्ह्या बाळाची भरतात तशी, भावाची टाळू भरली.