आत्याच्या दुधाची ओळ

"तुमचं दूध घेता येत न्हाय, आक्का. तुमी वर्षभर दूधच घातलं न्हाय."

केंद्रावर दूध मोजून घेणारा अविराज हे म्हणाला तेव्हा नकोशीच्या हातातली किटली काठोकाठ भरलेली होती. कळसच्या दूध केंद्रावर रांगेत रोज पहिली तीच. आणि आज भिंतीवर कागद: वर्षभर दूध न घातल्यानं सभासदत्व रद्द. खाली एकच नाव. तिचं.

"मग रोज सकाळी हितं आरती ओवाळायला येत हुते व्हय?" ती म्हणाली.

रांग हसली. मागं उभे असलेले सर्जेराव आबा, तिचे वडील, हसले नाहीत.

नकोशीची दुसरी गाय व्यायला आली होती. मागच्या खेपेला वासरू आडवं आलं होतं. केंद्राचा डॉक्टर फक्त सभासदाच्या गोठ्यात येतो.

तिची भाची निकिता, दहावीतली, शाळेला निघाली होती. तिनं दप्तर टेबलावर आदळलं.

"अविदादा, पावती कोण लिहितं?"

"मीच."

"मग?"

"मोबाइलवर फोटो काढतो. बारामती एमआयडीसीतल्या हापिसाचं सॉफ्टवेअर तो वाचून तक्ता करतं. नाव, क्रमांक, लिटर, फॅट. मी बोट बी लावत न्हाय. पैसे पावतीवर रोजच्या रोज रोख देतो, म्हणून तक्ता कुणी बघत न्हाय."

"आत्याचे फोटो आहेत?"

होते. रोजचे. अक्षर ठळक, दुधाचा डाग नाही. तक्त्यात मात्र आत्याची एकही ओळ नव्हती.

"दुसऱ्या कुणाचं काही गळालंय?"

"द्वारकाबाईंची एक पावती. पण ती गळायलाच पायजे. दूध नासलं हुतं, मी रद्द केली."

निकितानं ती पावती पाहिली. नावावरून आडवं, मोठ्या अक्षरात अविराजनं लिहिलं होतं: नको.

तिनं तो कागद आत्याच्या फोटोशेजारी धरला.

"आत्याची आजची पावती लिही. काढ फोटो."

त्यानं काढला. तक्ता हलला नाही.

निकितानं नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर अंगठा ठेवला. "आता काढ."

ओळ आली. क्रमांक, लिटर, फॅट, सगळं जागच्या जागी. नावाच्या रकान्यात फक्त 'शी'.

"सापडलं," निकिता म्हणाली. आवाजात आनंद होता, अजून. "'नको' दिसलं की पावती गाळायची, हे मशीनला कुणी सांगितलं?"

"मीच. पण रद्द पावत्यांसाठी."

"मशीनला काय कळतंय, पावती नको का बाई नको? आत्याचं नाव सुरूच 'नको'नं होतं. रोज तू पाठवलंस, रोज त्यानं गाळलं. सभासदांच्या यादीला हा नियम नाही, म्हणून तिथं ती राहिली. सभासद आहे, दूध नाही."

अविराजनं कपाळावर हात मारला आणि बारामतीला फोन लावला. बराच वेळ नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

"नियम आज बदलतील," तो फोन ठेवून म्हणाला. "पण गेल्या वर्षाचा तक्ता मंजूर झालाय. मार्च सरल्याबिगर उघडत न्हाय."

"आणि गाय?"

"डॉक्टर सभासदालाच," तो म्हणाला.

"मशीनला अविदादानं शिकवलं," निकिता सावकाश म्हणाली. "पण आत्याला 'नको' पहिल्यांदा कुणी म्हटलं?"

आबांनी आपली किटली या हातातून त्या हातात घेतली.

"चौथी पोरगी हुती," ते म्हणाले. "म्हटलं, आता बास." मग अविराजकडं वळले. "माझ्या नावावर घे तिचं दूध. डॉक्टरला बी माझ्याच नावानं बोलव."

अविराजनं पेन उघडलं.

नकोशीनं किटली उचलली.

"नको, आबा," ती म्हणाली.

दूध हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. निकितानं धावत जाऊन कडीला दुसरा हात लावला. दोघी रस्त्यावर आल्या. दूध आता कुणाकडं न्यायचं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.