चौथ्या प्रवाशाची वाट

डोंगरापलीकडच्या कोचकोर गावाची टॅक्सी चार प्रवासी जमल्याशिवाय सुटत नाही. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी बिश्केकच्या स्टँडवर दोन प्रवासी हजर होते, दोन बेपत्ता, आणि चिखल झालेल्या बर्फात उभं राहून बुरुलचे बूट भिजले होते.

"बसा इथे," बाकावरचा तरुण सरकत म्हणाला. "बाक थंड आहे, पण कोरडा आहे."

त्याने खिशातून दह्याचे वाळवलेले गोळे, कुरुत, काढून पुढे केले. तिने एक तोंडात टाकला... खारट, टणक, अर्धा तास पुरेल असा. त्यामुळे पहिल्या भेटीत बोलला तो एकटाच. नाव एर्मेक. शिलाई यंत्रं दुरुस्त करतो. कोचकोरला लोकरीचे नमदे शिवणाऱ्या बायकांची सहा यंत्रं बिघडली आहेत, म्हणून दर शनिवारी जावं लागतं.

बुरुल दर शनिवारी आईकडे जायची. म्हणजे पुढचे सगळे शनिवार ठरल्यासारखेच होते.

मार्चमध्ये तीही बोलू लागली. चार वर्षं ती दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना नंबर देत होती. आता तिने सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. पास झाली तर एका कंपनीत मुलाखत, नाहीतर पुन्हा तीच खिडकी.

"आणि होणार कोण?"

"प्रॉडक्ट मॅनेजर."

"म्हणजे?"

"लोकांना काय हवंय ते शोधायचं, आणि बनवणाऱ्यांच्या मागे लागायचं."

"म्हणजे सासू," एर्मेक गंभीरपणे म्हणाला.

ती इतकी हसली, की टॅक्सीवाल्या दुईशेन आकेंनी हॉर्न वाजवून चौकशी केली.

तिची कल्पना साधी होती. टॅक्सीतली जागा फोनवरून धरायची, चौघं जमले की निरोप येईल, मगच घरून निघायचं. स्टँडवरचं ताटकळणं बंद! कोर्सवाल्यांना कल्पना आवडली. पुढचा अभ्यास होता दहा जणांना विचारण्याचा. तिने विचारलं, आणि दहाही जण म्हणाले, "वा, फार छान!" किर्गिझ लोकांत समोरच्याने काही पुढे केलं की नको म्हणायची रीतच नाही. एका आजींनी तर तिला चहा पाजला, लोणी लावून पाव खाऊ घातला, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून दुवा दिली आणि "मी तर रोज वापरीन" म्हणाल्या. निघताना कळलं, आजींकडे फोनच नाही.

शिक्षिकेने उत्तर पाठवलं, 'सगळेच हो म्हणतात, म्हणजे कुणीच खरं बोलत नाही. एक तरी खरा नकार आणा. पाच वेळा "का?" विचारा. शनिवारी दुपारी बारापर्यंत. नाहीतर नापास.'

एप्रिलमधला तो शनिवार. अकरा वाजून गेले होते. पुढच्या सीटवर एक गृहस्थ घोरत होते, चौथा प्रवासी अजून यायचा होता. पाच 'का?'ची गोष्ट बुरुलने एर्मेकला सांगितली होती, पण त्याला मात्र अजून विचारलंच नव्हतं. त्याच्या तोंडून ते शिष्टाचाराचं 'फार छान' तिला ऐकवलं नसतं.

"तुम्ही... वापराल?" तिने बुटांकडे पाहत विचारलं.

"नाही."

तिने झटकन मान वर केली. असा स्वच्छ नकार तिने महिनाभरात ऐकला नव्हता. "का?"

"गाडी लगेच भरेल."

"मग चांगलंच की! का नको?"

"भरली की सुटेल."

"सुटू दे ना... का नको सुटायला?"

"मला तिथे कसली घाई? यंत्रं मार्चमध्येच दुरुस्त झाली."

फोनवर नोंद करणारं तिचं बोट थांबलं. "मग दर शनिवारी... का जाता?"

"तुम्ही जाता म्हणून."

वाऱ्याने जर्दाळूच्या दोन पाकळ्या तिच्या बाहीवर आणून टाकल्या. तिने त्या झटकल्या नाहीत.

"चारच झाले," तो हळूच म्हणाला. "पाच विचारायचे असतात ना?"

"...का?"

"इथे बाकावर तुम्ही माझ्याशी बोलता. गाडीत बसलात की खिडकीला डोकं टेकून थेट कोचकोरपर्यंत झोपता."

तेवढ्यात दुईशेन आके ओरडत आले, "मिळाला, चौथा मिळाला! बसा पटापट!"

पाऊण तासात बारा वाजणार होते आणि घाटात फोनला रेंज नसते. बुरुलने उभ्या उभ्याच टाइप केलं, 'अकरावी व्यक्ती. नको म्हणते. कारण, वाट पाहणं हाच तिच्या प्रवासातला चांगला भाग आहे. माझ्याही. कल्पना पुन्हा तपासावी लागेल.' पाठवलं. पास की नापास, ते आता शिक्षिकेच्या हाती.

"आणि तुमचं काय?" एर्मेकने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते. "नुसतं हो म्हणू नका. इथे सगळेच हो म्हणतात."

"कोर्समध्ये शिकवलंय, लोक काय बोलतात ते सोडा, करतात काय ते पाहा."

ती टॅक्सीच्या मागे गेली, डिकी उघडली, आपली बॅग काढली. मग त्याचीही काढली.

"आके, आमच्या जागा दुसऱ्यांना द्या."

"वेडी की काय पोरी! पुढची गाडी भरायला तीन तास लागतील!"

बुरुल बाकावर बसली, शेजारी जागा करत.

"तीनच?"