धुरांड्यातलं घरटं

मनोऱ्यातल्या खोलीत रॉइस टँडी सकाळी अंथरुणातच मेलेला सापडला, आणि दुपारपर्यंत शेरीफने कागदावर 'अपघात' असं लिहून टाकलं.

"धुरांड्यात घरटं अडकलं, गॅसच्या शेकोटीचा विषारी वायू खोलीत कोंडला, बाबा झोपेतच गेले," त्याची मुलगी ग्वेन सांगत होती. "माझा नाही विश्वास बसत. त्यांचा गुडघा गेलेला. त्यांनी तळमजल्याची खोली मागितली होती. वर कशाला गेले ते? कुणी केलं असेल तर मला त्याचं नाव हवंय. मी सोडणार नाही."

ऑडेसा बर्कने फक्त मान हलवली. आयोवात वीस वर्षं खाजगी गुप्तहेरगिरी केलेली ही बाई बोलायची कमी. ती कसर तिचा दीर व्हर्जिल भरून काढायचा. टपाल वाटून निवृत्त झालेला हा भला माणूस तिची गाडी चालवायचा आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

दोघं मार्लो लँडिंगला पोहोचले तेव्हा मिसिसिपीवर बर्फाचे तुकडे वाहत होते. प्रुइट हाऊस काठावरच होतं. शंभराहून जास्त वर्षांचं लाकडी घर, कोपऱ्यात टोकदार मनोरा. लोर्ना प्रुइट तिथे पाहुणे ठेवायची. राहायला खोली आणि सकाळची न्याहारी.

व्हरांड्यात ऑडेसा थबकली. दिव्याशेजारच्या तुळईवर वाळक्या चिखलाचं गोल वळं उमटलं होतं.

"कुंडी ठेवली असेल," व्हर्जिल म्हणाला.

"तुळईवर?"

लोर्ना साठीची, ताठ कण्याची. जिना चढताना ती शांतपणे म्हणाली, "निसर्गाचं काम हो. दोष कुणाचाच नाही."

"तळमजल्याची खोली का नाही दिलीत?" ऑडेसाने विचारलं.

"ते आले त्याच सकाळी तिथला नळ फुटला. काय करणार?"

जिन्यात एका लहान मुलीचे फोटो होते. पाळण्यातली, सायकलवरची, दात पडलेली शाळेच्या पहिल्या दिवसाची.

"तुमची लेक? कुठे असते?" व्हर्जिलने विचारलं.

"कॅली? डेव्हनपोर्टला," लोर्ना म्हणाली आणि पुढे गेली.

मनोऱ्यातल्या खोलीचं छत बारा फूट उंच. विषारी वायूची सूचना देणारा भोंगा छतालाच होता. झाकण उघडं, आत सेल नाही.

"पाहुणेच काढतात," लोर्ना म्हणाली. "मधेच चिवचिवतो, झोप मोडते."

घराची डागडुजी करणारा वेंडेल क्राउस मागच्या शेडमध्ये भेटला. तो धुमसत होता. "शेरीफ म्हणतो, मी धुरांडं साफच केलं नाही! अहो, पंधरा दिवसांपूर्वी केलंय. या घरातला खिळासुद्धा माझ्या हातचा. त्यानंतर बाईंनी कशालाच बोलावलं नाही. मंगळवारी, टँडी मेलेला सापडला तेव्हा, शेरीफनेच वर चढवलं आणि मी हे काढलं."

त्याने पत्र्याच्या डब्यातून घरटं काढलं. गवताची वाटी, चिखलाने लिंपलेली.

"छपरावर कुठून गेलास?" ऑडेसाने विचारलं.

"माळ्याच्या खिडकीतून. धुरांडं हाताशीच आहे."

दुसरी पाहुणी आयोन मार्श. दर फेब्रुवारीत नदीवरचे गरुड बघायला येणारी निवृत्त शिक्षिका. घरटं बघताच तिने चष्मा सावरला. "हे तर रॉबिन पक्ष्याचं. तो वळचणीला बांधतो. धुरांड्यात राहते ती पाकोळी, आणि ती काड्या थुंकीने चिकटवते. चिखल कुठला?" मग कुरकुरली, "खरं तर मनोऱ्याची खोली दर वर्षी माझी. यंदा टँडी यायच्या आठ दिवस आधी लोर्नाचा फोन आला, ती खोली दिली म्हणून."

बाहेर येताच व्हर्जिल कुजबुजला, "कळलं! मारायचं होतं आयोनला. चुकून टँडी मेला!"

"व्हर्जिल, तू आज तळमजल्याच्या खोलीत राहा. मस्त अंघोळ कर."

दुसऱ्या दिवशी ऑडेसा डेव्हनपोर्टच्या वाचनालयात जाऊन दुपारी परतली, ती ग्वेनला घेऊनच. जेवणघरात सगळे बसले. लोर्नाने कॉफी ओतली.

"व्हर्जिल, अंघोळ झाली?"

"दोनदा! पाणी कसं कढत येतं."

"नळ कुणी दुरुस्त केला, वेंडेल?"

"कुठला नळ?"

"तेच. नळ फुटलाच नव्हता. तो फुटला म्हणे टँडी आला त्या सकाळी. पण आयोनची खोली त्याच्या आठ दिवस आधीच काढून घेतली होती. टँडीला मनोऱ्यातच झोपवायचं होतं, कारण तिथे शेकोटी आहे." ऑडेसा सावकाश बोलत होती. "भोंग्याचा सेल. बारा फुटांवर शिडी लावून चढायचं, आणि तेही मोडक्या गुडघ्याने? टँडीने तो काढणं शक्य नाही. राहिलं घरटं. ते व्हरांड्यातल्या तुळईवरचं, गेल्या वर्षीचं. आयोनला ठाऊक आहे की रॉबिन धुरांड्यात घर करत नाही, आणि वेंडेल स्वतःवरच दोष येईल असं धुरांड्यात काही कोंबणार नाही. ही चूक करणारा माणूस घराचा जाणकार, पण पाखरांचा नाही."

"पण घरटंच का?" व्हर्जिलने विचारलं. "चिंधी कोंबली असती तरी चाललं असतं."

"चिंधी कोंबली तर खून ठरतो, व्हर्जिल. घरटं असलं की दोष कुणाचाच नाही." तिने जुन्या वर्तमानपत्राची प्रत टेबलावर ठेवली. "सव्वीस वर्षांपूर्वी टँडीच्या मालकीच्या भाड्याच्या घरात असाच वायू कोंडला. धुरांड्यात घरटं होतं. भाडेकरणीने तीनदा तक्रार केली होती. 'निसर्गाचं काम, दोष कुणाचाच नाही' असं म्हणून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. सात वर्षांची मुलगी गेली. कॅली सिम्स. आईचं नाव लोर्ना, तेव्हा तिचंही आडनाव सिम्सच होतं."

जिन्यातले फोटो शाळेच्या पहिल्या दिवसापाशी का थांबतात, ते व्हर्जिलला आत्ता कळलं. डेव्हनपोर्टला म्हणजे दफनभूमीत. काल आपण किती सहज विचारलं!

लोर्नाने किटली खाली ठेवली.

"मी काही त्याला शोधायला गेले नव्हते. मासेमारीला म्हणून त्यानेच खोली मागितली. आपल्या पायांनी आला. दारात हात मिळवला, म्हणाला, सुंदर घर आहे. मी वाट बघत होते. ओळखेल, निदान अडखळेल. ओळखलं असतं ना, तर कदाचित मी वरची शेकोटी पेटवली नसती." तिचा आवाज दगडासारखा झाला. "मग म्हटलं, तेव्हा मला मिळाला तोच न्याय त्यालाही द्यावा. तेच घरटं, तेच शब्द. पस्तावा विचाराल तर नाही. कणभरही नाही."

ग्वेन उठली. ओठ पांढरेफटक. "मी तेव्हा नऊ वर्षांची होते. घरात कुणी एक अक्षर बोललं नाही." तिने वर्तमानपत्राची प्रत उचलून घडी घातली. "पण ते माझे बाबा होते. खटल्याला मी रोज येईन. पहिल्या रांगेत बसेन."

"मीही बसले होते," लोर्ना म्हणाली. "अकरा दिवस. तुझ्या बापाने एकदाही मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही."

बाहेर शेरीफची गाडी थांबल्याचा आवाज आला. ग्वेनने लोर्नाच्या चेहऱ्यावर नजर रोखली, ती हलवली नाही.

"मी बघेन," ती म्हणाली. "रोज. शेवटपर्यंत."