हातानं लिहिलेला रस्ता

खोटं सांगून मला काय मिळणार? रत्नमाला आमच्याच वस्तीतली. हे घडलं तिच्या डोळ्यांदेखत. २०१९ साली, भंडाऱ्यात, तेही भर दुपारी.

एका इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात ती राऊटर सांभाळायची. धाकटा भाऊ अश्वजित त्याच कंपनीत टॉवरवर. आईला रोज व्हिडिओ कॉलवर आपलं तोंड दिसावं म्हणून त्यानं सानगडीच्या घरी नेटचा डब्बा बसवला होता.

आंबागडच्या टॉवरवर वीज पडली. टॉवर गेला, पोरगंही गेलं...

डब्ब्याचा दिवा तेव्हापासून लाल, म्हणजे नेट बंद. आई तो काढू देईना.

ऑफिसच्या राऊटरमध्ये त्याची एक ओळ राहिली. त्यानं टाईप केलेला आंबागडचा रस्ता, म्हणजे तिकडचं नेट कुठून न्यायचं ते. त्याला नाव दिलं होतं, 'ताई'.

आता असे हातानं लिहिलेले सगळे स्टॅटिक रस्ते काढून डायनॅमिक रूटिंग लावायचं होतं. त्यात राऊटर आपसांत बोलून रस्ते शोधतात. जो बोलत नाही, त्याला विसरतात.

स्टॅटिक रस्ता तसा नसतो. पलीकडे कोणी नसलं तरी राहतो. माणसानं लिहायचा, माणसानंच पुसायचा.

वरठी, तुमसर, साकोली... सगळे काढले. ती ओळ राहिली.

"ताई, हे कायले ठेवली?" तिचे साहेब भय्याजी हळूच म्हणाले. "तिकडं कोणी नाही आता."

"काढून राहिली न, भय्याजी."

एंटर दाबताना ती ढसाढसा रडली. भावाच्या हातचं एवढंच उरलं होतं हो! सेव्ह केलं. तोंड धुवून आली.

पाहते तर...

ओळ परत होती.

"सेव्ह नसन केलं तुम्ही."

"केलं जी!"

पुन्हा काढली. दोघांनी मिळून पाहिलं. सेव्ह झालं.

तेवढ्यात राऊटरच्या पंख्यांची घरघर थांबली. दिवे मात्र लुकलुकत होते...

कीबोर्डला कोणाचाच हात नव्हता.

आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली. अडखळत, एकेक. अश्वजित दोन बोटांनी असाच टाईप करायचा.

आंबागडची ओळ आली. तिच्याखाली आणखी एक... जी आधी कधीच नव्हती.

सानगडीचा रस्ता. नाव, 'घर'.

फोन वाजला. आई, बायजाबाई.

"रत्ना, अश्वजितचा डब्बा हिरवा झाला न वो! पोरगा येऊन राहिला का?"

रत्नमालानं फोन भय्याजींच्या कानाला लावला.

"राहू द्या त्या ओळी," भय्याजी घाम पुसत म्हणाले.

त्या ओळी आजही आहेत. आंबागडला टॉवर मात्र पुन्हा उभारलाच नाही.

दिवेलागणीला डब्बा रोज हिरवा होतो. बायजाबाई पोराचं ताट वाढते. सकाळी ते तसंच भरलेलं असतं.

परवा तिनं लेकीला विचारलं, "तो येते न बाई... मग जेवत काहून नाही?"

रत्नमालानं तेच मला विचारलं.