चौथ्याचं बटण

तिनं लिफ्टमध्ये चार नंबरचं बटण दाबलं, लिफ्ट थांबली, दार उघडलं आणि ती बाहेर पडली. एवढंच तिनं केलं. पुढे जे घडलं त्याचा दोष तिच्या माथी मारू नये, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं!

उजव्या हाताचं पहिलं दार. तिनं बेल वाजवली. दातांच्या कवळ्या बनवणं हे तिचं काम, त्यातलं नवं तंत्र शिकायला ती या शहरात आली होती. चार दिवस हॉटेलात राहायचं तर पगार तिथंच संपला असता. म्हणून लॅबच्या साहेबांनी आपल्या फोनवरून एका घरातली खोली ठरवून दिली होती. दोन वेळचं जेवण, पैसे निघताना. आणि साहेब म्हणजे फोन न उचलण्यात पटाईत माणूस.

दार एका उंच तरुणानं उघडलं. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात टोस्टचा तुकडा.

"मी... राहायला आलेय," ती म्हणाली.

"आई, तुझी पाहुणी आली!"

आतून त्याची आई पदराला हात पुसत धावत आली. "आलीस का गं! कालपासून डोळे लावून बसलेय. नावगाव नंतर सांग, तसंही माझ्या लक्षात राहत नाही. आधी चहा घे."

घरच्यासारखं वाटेल, असं खोलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं. पण इतकं? चांगली माणसं दिसतात, असं म्हणून तिनं चपला काढल्या.

त्याचं काम लिफ्टदुरुस्तीचं. सकाळी तिच्याबरोबरच तो बाहेर पडायचा, संध्याकाळी तिच्याआधी परतलेला असायचा. तिच्या टेबलावर उजेड कमी पडतो म्हणून त्यानं कुठून तरी दिवा आणून बसवला. ती मेणाचे दात कोरत बसली की न मागता चहाचा कप हजर. आणि कप ठेवताना तो बघायचा... असा बघायचा की तिच्या हातातला दात वाकडा व्हायचा!

आता झाली ना पंचाईत. दिवा भाड्यात धरलेला असेल, चहाही असेल. पण ते बघणं? तेही धरलेलं की काय? उद्या दुसरी कुणी आली तर तिच्याकडेही असंच बघणार? तिला काही म्हणता काही कळेना.

तिनं खडा टाकून पाहिला. "सगळ्याच पाहुण्यांचे असे लाड करता का हो?"

"पाहुणे येतात कुठं आमच्याकडे!"

अरेरे, धंदा बसलाय बिचाऱ्यांचा, असं तिला वाटलं. लाड का होतात हेही कळलं... आणि उगाचच तिचा चेहरा पडला.

तिसऱ्या दिवशी वर्गात गृहपाठ मिळाला. कुणाचा तरी एक दात बघून हुबेहूब कोरून आणायचा. तो शहाण्यासारखा खुर्चीत बसला.

"आ करा. अजून. हं... तुमचा डावा सुळा जरा पुढे आहे."

"वाईट दिसतो?"

"छे! उलट... म्हणजे... मी फक्त नोंद केली."

"अजून काय काय नोंदलंय?"

"तोंड मिटू नका हो!" ती ओरडली, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती.

चौथ्या संध्याकाळी तिनं पाकीट काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पुढे धरलं.

"हे काय?"

"राहण्याचे पैसे."

"पैसे?" काकूंचा चेहरा उतरला. "अगं, माझ्या मैत्रिणीची भाची ना तू? मी काय खाणावळ उघडलीय?"

"मी... कुणाची भाची नाही हो, काकू."

दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. तो तिथं उभा होता, आणि चोर कोण हे सांगायची गरज नव्हती.

"ठरलेली खोली वरच्या मजल्यावर आहे," तो चाचरत म्हणाला. "लिफ्टचं चारचं बटण दाबलं तरी ती तिसऱ्यावरच थांबते. इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे..."

"आणि तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता!"

"दिव्याखाली अंधार."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच संध्याकाळी. भाची येत नाही असा फोन आला, तो मी घेतला. सांगितलं असतं तर... तुम्ही वर गेला असता."

"म्हणून गप्प बसलात? चार दिवस मला वेड्यात काढलंत!"

रागारागानं बॅग उचलून ती जिना चढू लागली. दहाव्या पायरीवर मात्र पाय अडखळला. थांब, थांब. हे भाड्याचं घर नव्हतंच! म्हणजे तो दिवा, तो चहा... ते बघणंसुद्धा... काहीच भाड्यात धरलेलं नव्हतं? तिला रडू आलं, हसूही आलं, आणि राग होता तो होताच. वरच्या बाई "अगं, चार दिवस गादी घालून वाट बघतेय!" म्हणून करवादल्या, तर ही त्यांच्याकडे बघून नुसती हसली.

सकाळी ती निघाली. जिन्याकडे वळणार तोच टण् झालं.

"अगंबाई, लिफ्ट वर आली!" वरच्या बाई दारातूनच ओरडल्या.

दार उघडलं. आत तो गुडघ्यांवर बसून बटणांखालचा शेवटचा स्क्रू पिळत होता. डोळे तांबारलेले.

"दुरुस्त केली," तो उठत म्हणाला. "आता कुणी चुकून यायचं नाही. मी खोटं वागलो, माफ करा. पण मला तुम्ही आवडता, हे खोटं नव्हतं."

ती आत शिरली. दार मिटलं. तिनं बॅगेतून मेणाचा सुळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हुबेहूब आलाय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... हिशेब मिटला?"

"दुसरा कोरून ठेवलाय मी. माझ्यासाठी."

"अहो, पण तुमची गाडी..."

"दुपारीही एक असते. आणि अहो काय? अगं म्हण."

मग तिनं तीनचं बटण दाबलं.