अरवलीच्या तळाशी दिसलेली पायरी

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही जमिनीवर जोरात पाय आपटलात आणि तेरा सेकंदांनी खालून बारीकसं उत्तर आलं. इतका वेळ ते उत्तर होतं कुठे?

२०६१ साली अरवलीच्या डोंगरांत केतकीने आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, हेच विचारलं. आबा भूगर्भशास्त्रज्ञ. सोबत खवल्या नावाचा अवजड यंत्रमानव. तो पोलादी पाय आपटायचा आणि ओळीने रोवलेले भूश्रवक (जमिनीचा हलकासा हादरा टिपणारी टोकदार यंत्रं) ऐकत राहायचे.

"हादरा खोल जातो," आबा म्हणाले. "खडक बदलला की त्यातला थोडा परत फिरतो. जेवढा उशीर, तेवढी खोली. तेरा सेकंदांत तो चाळीसेक किलोमीटर खाली जाऊन परत येतो. तिथे कवच (पृथ्वीचा बाहेरचा कडक थर) संपतं."

पडद्यावर डोंगराच्या पोटातल्या तिरप्या रेघा दिसत होत्या.

"दीड अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी दोन भूखंड इथे भिडले. एकाची कड दुसऱ्याखाली घुसली, कवच जाड झालं, वर पर्वत उठला. पाऊसवाऱ्याने तो झिजवला, पण खालची शिवण अजून तशीच आहे."

समोरच्या बुटक्या टेकड्यांकडे केतकी नव्याने बघू लागली.

"आणि ही पायरी बघ." आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "कवचाच्या तळाची रेघ इथे एकदम दीडशे मीटर खचलीय. हा भ्रंश (खडक तुटून सरकल्याची जागा) मी तीस वर्षं शोधतोय. संध्याकाळी सगळ्या भूगर्भशास्त्रज्ञांना कळवतो."

केतकीने पायरीच्या जागेवरच्या भूश्रवकांचे क्रमांक वाचले. एकेचाळीस ते बावन्न. ते भूश्रवक तिनेच रोवले होते. खडकात टोक शिरेना, म्हणून तिने ते शेजारच्या ओढ्याच्या खोल वाळूत खुपसले होते आणि वहीत मात्र ‘खडक’ लिहिलं होतं.

"आबा, ते बारा वाळूत आहेत."

आबांनी पडद्यावरचं बोट काढलं.

"मीसुद्धा वाळूच निवडली असती," खवल्या म्हणाला. "गुडघे दुखतात माझे."

"वाळूतून हादरा हळू येतो," केतकी पुटपुटली. "उत्तराला उशीर झाला, म्हणून तळ खोल वाटला. पायरी नसेलच का?"

"नसेल." आबांनी चष्मा पुसला. "बरं झालं बोललीस. नाहीतर उद्या सगळे हसले असते मला. खडकात भोक पाडून त्यात ओली माती भरायची आणि मग भूश्रवक रोवायचा. हे मीच तुला सांगायला हवं होतं."

केतकीने ड्रिल उचललं. दुपारपर्यंत बारा भोकं पाडून त्यांत भूश्रवक रोवून झाले. मग सगळे जागच्या जागी थांबले, कारण एक पाऊल हललं तरी मोजणी बिघडते. खवल्याने पाय आपटला. केतकी मनात आकडे मोजत राहिली. तेराला पडद्यावर रेघ उमटली. सलग.

आबांनी रेघेवरून बोट फिरवलं. "एवढी टक्कर झाली, एवढा काळ गेला, तरी इथे तळ तुटलेला नाही," ते म्हणाले. "हेच कळवू."

केतकीने ड्रिल खांद्यावर घेतलं आणि पलीकडच्या टेकडीची वाट धरली. त्या टेकडीखाली काय आहे, हे अजून कुणीच ऐकलेलं नव्हतं.