डाव्या हाताची गाठ

अंधार पडला की आमच्या ओट्यावर पोट्टे जमतात आणि कुर्बानभाईंना बोलतं करतात. कुर्बानभाई बंडीवाले, सत्तरी उलटलेले. भुतंबितं मानत नाहीत. ही एक गोष्ट सोडून. रस्त्यावरचं ते सांगतात, घरातलं मी सांगते. कारण त्या दिवशी घरात मी होते.

आमचं घर बुरडाचं. सुपं, टोपल्या विणायच्या. प्लेगाच्या साली माणसं आपल्याच मेलेल्याला हात लावेनात, तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांनी तिरड्या बांधल्या. तेव्हापासून राजापेठेत मयताच्या सामानाचं दुकान. त्यांनी दोन नेम घालून दिले. तिरडीची शेवटची गाठ बसेपर्यंत मयत कोणाचं ते विचारायचं नाही. विचारलं की हात जात पाहतो, ऐपत पाहतो. आणि बापाची तिरडी जो पोरगा बांधेल, दुकान त्याचं.

माझे सासरे श्रावणजी यांना दोन मुलं. थोरले जानराव, माझे मालक. धाकटे शेषराव, बोलायला गूळ. मालक डावखुरे, त्यांच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. सासरे हसायचे, "डाव्या, तुही गाठ देवालेही सुटणार नाही."

१९५८ साल, पौषातली अमावस्या. दुकानातला बांबू सरत आला म्हणून मालक कुर्बानभाईंच्या बंडीनं परतवाड्याला गेले होते. मेळघाटचा बांबू भरून आदल्या दिवशी तिथून निघालेले. इकडे सकाळी चहाची बशी हातात असतानाच सासरे गेले.

मी शेषरावांना म्हटलं, "भाऊजी, सायकलवर कोणाले तरी धाडा. एकच सडक आहे, वाटेतच भेटतीन ते."

"धाडलं वहिनी. माहा दादा नाही का तो?"

दुपारी शेषरावांचा सासरा मोटारीनं हजर. अकोल्याहून! अकोल्याला निरोप पोचला, परतवाड्याच्या सडकेवर पोचला नाही. मी रडण्यात होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. तिरडी शेषरावांनी बांधली. त्यांच्या त्या सासऱ्यानं चार माणसं बोलावून ती दाखवली. आणि शेषरावांनी लोकांना काय सांगितलं? म्हणे, "दादाचा उलटा निरोप आला, मले सवड नाही." दिवस मावळायच्या आत माझ्या सासऱ्यांना नेलं.

आता रस्त्यावरचं. हे कुर्बानभाईंच्याच तोंडचं.

त्याच दिवसाची रात, अकराची असन. वलगावच्या पेढी नदीपाशी आलो आन् बैल थबकले. हाकलले, शेपट्या पिळल्या. हलेनात. कंदील वर केला. म्होरं एक बुढा उभा. डोक्यावरून घोंगडी, तोंड दिसेना.

"दोन बांबू दे," म्हणे. "सरळ पाहून."

"तिरडीले का?" जानरावनं विचारलं.

"हो. इथंच बांध."

म्या जानरावच्या कानात म्हटलं, "अरे भाई, पूछ तो सही, किसकी है?"

"शेवटची गाठ झाल्याबिगर नाही, कुर्बानभाई. घरचा नेम आहे."

बसला सडकेवर. बांबू तोडले. आडव्या काड्या लावल्या. गाठी मारू लागला. थंडी अशी, का आमच्या दोघांच्या तोंडातून वाफ निघे. बैलाच्या नाकातून निघे.

बुढ्याच्या... नाही.

म्या पाहिलं. जानराव खाली पाहून होता.

शेवटची गाठ बसली. जानरावनं मान वर केली. "बोला बुवा. मयत कोणाचं?"

बुढा वाकला.

एकेका गाठीवरून बोट फिरवलं. हळू...

मंग म्हणे, "डाव्या..."

बस.

कंदील जळत होता. बुढा नव्हता. तिरडी नव्हती.

इथं कुर्बानभाई बिडी पेटवतात. पोट्टे म्हणतात, "मंग चाचा?" ते मान हलवतात. मग माझी पाळी.

मध्यरात्रीनंतर बंडी दारात आली, मी दार उघडलं. काय झालं, हे मालकांनी विचारलंच नाही. विचारलं, "बाबाची तिरडी कोणं बांधली?"

शेषराव आतून आले. डोकं भादरलेलं. "दादा, तुले निरोप धाडला होता."

"कोणाच्या हातानं?"

शेषराव आपल्या सासऱ्याकडे पाहू लागले.

"सांग ना शेषराव. कोणाच्या हातानं?"

शेषरावांचा सासरा मध्ये पडला. "आता उकरून काय भेटते? जावयानं बांधली, दुकान त्याचं. तुमच्याच घरचा नेम आहे."

"बाबाची तिरडी म्या बांधली," मालक म्हणाले.

सासरा खो खो हसला. "परतवाड्याले मोहाची चांगली भेटते वाटते!"

घरात मयत झालेलं, आणि तो हसला. माझ्या हातात लोटा होता. फेकला. कपाळावर नेम धरला होता, कानावर बसला. मला त्याचा पस्तावा नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला दोघे भाऊ घाटावर गेले. कुर्बानभाई लांब उभे होते. शेषरावांनी राखेत हात घातला आणि तसेच थांबले. राखेच्या मधोमध बांबूचा वीतभर तुकडा. त्यावर आडवी काडी, सुतळीनं बांधलेली. माणूस जळालं, लाकडं जळाली. सुतळीचं एक सूत जळालं नव्हतं. आणि गाठीचा पीळ उलटा.

शेषरावांच्या हातातलं मडकं पडलं. पण तोंडून 'दादा, चुकलो' निघालं नाही. दुकानही सोडलं नाही. आज आठ वर्षं त्याच गादीवर बसतात, आणि आम्ही या ओट्यावर सुपं विणतो.

तो तुकडा मालकांनी आमच्या चौकटीला टांगला. पोट्टे उड्या मारून गाठ सोडायला पाहतात. नखं मोडतात, गाठ सुटत नाही. ते एक वेळ सोडा, घट्ट गाठ घट्टच असते. पण तोडलेला बांबू महिन्या-दोन महिन्यांत पिवळा पडतो, हे बुरडाच्या घरात कोणी शिकवावं लागत नाही.

कुर्बानभाई उठतात, कंदील चौकटीपाशी धरतात.

हिरवागार आहे.